पाच रिकामे खिळे

आमच्या मंडळाच्या घटनेतलं पहिलं कलम आहे, ‘गावाच्या सामायिक इतिहासाचे जतन करणे’. दुसरं कलम वर्गणीचं आणि तिसरं वार्षिक स्नेहभोजनाचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमाचं पालन मंडळाने आजवर काटेकोरपणे केलेलं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. श्रीखंड नेहमीच चांगलं असतं. माझं जे म्हणणं आहे ते पहिल्या कलमाबद्दल आहे. ते सभेत मांडून झालं, तिथे त्याचं काय झालं तेही पुढे सांगेन.

मंडळ पुण्यात आहे आणि गाव राजस्थानात होतं, वाळवंटात. ‘होतं’ असं मुद्दाम म्हणते. तांब्याच्या खाणीसाठी एका कंपनीने ते वसवलं आणि तांबं परवडेनासं झालं तेव्हा उठवलं. क्वार्टर्सची दारं-खिडक्या लिलावात गेली, छपराचे पत्रे गेले आणि उरलेल्या भिंतींमध्ये वाळू शिरली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्याकडची पुष्कळ माणसं तिथे नोकरीला गेली होती. ड्राफ्ट्समन, फिटर, मास्तर, हिशेबनीस, एखादा डॉक्टर. परत आल्यावर ही मंडळी शहराच्या चारी दिशांना पांगली. मग पुण्यात चार ओळखीची माणसं भेटली की जे होतं तेच झालं. मंडळ निघालं, घटना झाली, अध्यक्ष झाले.

माझे वडील त्या खाणीत फोरमन होते. मी त्यांना अण्णा म्हणायची. माझा जन्म पुण्यातला, आजोळचा, पण मी शुद्धीवर आले ती त्या गावात, असं आई म्हणायची. आई पिठाच्या डब्याला दोन-दोन फडकी बांधायची, तरी पोळी दाताखाली कचकचायचीच. पाणी टँकरने यायचं आणि टँकरपाशी पाच भाषांत भांडणं व्हायची. कुणालाही दुभाषा लागत नसे. उन्हाळ्यात सगळी कॉलनी अंगणात बाजा टाकून झोपायची. त्यामुळे कोण घोरतं, कोण झोपेत बडबडतं आणि कोणत्या जोडप्याचं बिनसलंय, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. सामायिक म्हणतात ते हे. मंडळाने ते शोधून काढलेलं नाही.

खाणीच्या तोंडाशी बत्तीघर होतं. खाली उतरण्याआधी कामगार डोक्यावर लावायचे दिवे तिथे घ्यायचे आणि वर आल्यावर तिथेच परत द्यायचे. बत्तीघराच्या भिंतीवर हिरवा रंग दिलेला एक मोठा लाकडी फळा होता. त्यावर खिळ्यांच्या ओळी, प्रत्येक खिळ्याखाली एक नंबर आणि खिळ्याला त्याच नंबरचा पितळेचा बिल्ला. खाली जाताना माणूस आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, वर आला की परत खिळ्याला अडकवायचा. बिल्ला जागेवर असला म्हणजे माणूस वर आहे. खिळा रिकामा असला म्हणजे माणूस खाली आहे. एवढीच ती व्यवस्था, पण गावातल्या शाळेत न जाणाऱ्या पोरांनाही ती वाचता यायची. अवेळी भोंगा वाजला की बायका हातातलं काम टाकून पळत सुटायच्या, त्या ऑफिसकडे नाही आणि दवाखान्याकडेही नाही, त्या फळ्याकडे. तिथे गर्दीतून मान उंच करून आपल्या माणसाचा खिळा शोधायचा. बिल्ला दिसला की बाई आधी श्वास सोडायची आणि मग डोक्यावरचा पदर सारखा करायची. आईचंही तसंच होतं. मी तिचा हात धरून उभी असायची, त्यामुळे तो श्वास मला माझ्या हातात कळायचा.

मी दहा वर्षांची असताना भर दुपारी भोंगा झाला. आई कणीक मळत होती, तशीच माखल्या हाताने निघाली. जुन्या बोगद्यातलं पाणी फुटून आत घुसलं होतं आणि त्या बाजूचं छत खाली आलं होतं. वर येणारा प्रत्येक जण चिखलाने भरलेला होता, ओळखू येत नव्हता, पण प्रत्येकाने आधी फळ्यापाशी जाऊन आपला बिल्ला लावला आणि मगच तो आपल्या बायकोकडे वळला. बत्तीघर सांभाळणारे चाचा फळ्याच्या बाजूला उभे राहून वाट करून देत होते. खिळे भरत गेले. आम्ही सगळ्या बायकापोरी तिथे दिवे लागेपर्यंत उभ्या होतो. शेवटी पाच खिळे राहिले, त्यातला एक अण्णांचा.

आईच्या हातावरची कणीक वाळून तिचे तुकडे पडत होते. ती ते वेचून पदरात बांधत होती, का ते तिचं तिलाच माहीत.

पुढे काही दिवस पंप लावून पाणी उपसण्याचा प्रयत्न झाला. मग कंपनीने त्या बोगद्याच्या तोंडाशी विटांची भिंत घातली, कारण पाणी बाकीच्या खाणीत यायला नको. पाच माणसं भिंतीच्या पलीकडे, आणि अलीकडे काम सुरू. अपघाताचं कारण म्हणून ‘कामगारांकडून खबरदारीचा अभाव’ असं कंपनीने जाहीर केलं. अण्णा खबरदारी घेण्याच्या बाबतीत इतके कटकटे होते, की आई त्यांना ‘सांभाळून’ म्हणून हाक मारायची.

गावाने मात्र एक केलं. कुणी ठरवलं नाही, कुणी सांगितलं नाही, पण ते पाच नंबर पुन्हा कुणाला देऊ दिले नाहीत. नवीन भरती झाली की कामगार हाजरीबाबूला स्पष्ट सांगायचे, हे सोडून दुसरा नंबर द्या. खिळे रिकामे राहिले. अमावस्येला खाणीला सुट्टी असायची. त्या दिवशी चाचा बोटाला चिंधी गुंडाळून त्या पाच खिळ्यांना तेल लावायचे, गंजू नयेत म्हणून. रोज ज्याच्यावर बिल्ला चढतो-उतरतो तो खिळा आपोआप गुळगुळीत राहतो, याला कोण हात लावणार? आम्ही गाव सोडेपर्यंत मी हे स्वतः पाहिलं आहे. खाण चालू होती तोवर ते चुकलं नाही, हे पुढे चाचांकडून कळलं.

आम्हाला गाव लवकरच सोडावं लागलं. क्वार्टर नोकरीतल्या माणसाला मिळते आणि आमचा माणूस आता नोकरीत नव्हता. हे सांगायला कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर घरी आले. तरुण, गोरेगोमटे, पुण्याचेच. फार सभ्यपणे बोलले. “अहो वहिनी, नियमच तसा आहे हो. माझ्या हातात असतं तर...” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि तसली वाक्यं पुरी करायचीही नसतात. सामान बांधायला त्यांनी दोन खोकी पाठवून दिली.

आम्ही शनिवार पेठेत मामाच्या दोन खोल्यांत आलो. आईला एका शाळेत ऑफिसात नोकरी मिळाली. इथल्या नातेवाइकांनी दर्भाची बाहुली करून अण्णांचं सगळं यथासांग उरकलं आणि आईने ते उरकू दिलं. तिने कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढून ठेवलं. हे एवढ्यासाठी सांगते की पुढचं ऐकून काही लोकांनी तिला वेडी ठरवलं. ती वेडी नव्हती. आपला नवरा गेलाय हे तिला सगळ्यांत आधी कळलं होतं. पण तो कुठे गेलाय हे तिला मान्य करून हवं होतं. पुण्यात लोक विचारायचे, “कशाने गेले?” आणि ती ‘खाणीत’ म्हणाली की “अरेरे, मग राजस्थानातच का सगळं केलंत?” असं विचारून मोकळे व्हायचे. कंपनीने त्यांना बेफिकीर ठरवलं, नातेवाइकांनी गवताची बाहुली केली. त्यांना आम्ही बाहेर काढलं नाही, ते अजून तिथेच आहेत, हे साऱ्या जगात एकच वस्तू म्हणत होती, तो फळ्यावरचा खिळा.

खाण बंद झाली तेव्हा मी नोकरीला लागलेली होते आणि आम्ही विश्रांतवाडीला आमच्या स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहायला गेलो होतो. एक दिवस चाचा दारात उभे. चाचा मूळचे पुण्याचेच, भवानी पेठेकडचे. त्यांच्या वडिलांचं कंदील-स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या हुन्नरावरच ते तरुणपणी खाणीच्या बत्तीघरात लागले होते. “भाभी, फळा आणलाय,” एवढंच ते म्हणाले. कंपनीने तो भंगारात काढला होता. चाचांनी तो सोडवून घेतला आणि तीन गाड्या बदलत, कंडक्टरांशी हुज्जत घालत, एसटीच्या टपावर टाकून स्वारगेटला उतरवला, तिथून हातगाडीवर घरी नेला. बहुतेक माणसं आपले बिल्ले आठवण म्हणून खिळ्यालाच ठेवून गेली होती. काहींनी नेले होते.

चाचांच्या घरी फळ्याने अख्खी भिंत खाल्ली. आई अधूनमधून तिकडे जायची, मी सुट्टी असली की बरोबर. चाचा भलते तिरसट होते. चहात साखर कमी पडली तर सुनेला ऐकवायचे, आणि आईने आणलेल्या वड्यांना खडी साखर म्हणायचे. पण अमावस्येला तेल चालू होतं, आता शिलाई मशीनचं. बाकीचे मोकळे खिळे पुण्याच्या दमट हवेत लाल झाले. हे पाच तेवढे काळे आणि तुकतुकीत होते. कुणी परका माणूस आला तरी त्याला दिसावं, की बाकीच्यांचे बिल्ले हरवले आहेत आणि या पाचांचं काही वेगळं आहे.

चाचा गेले. त्यांचा मुलगा चांगला होता, पण घरात लग्न ठरलं होतं आणि भिंतीला कपाट हवं होतं. त्याने आईला निरोप पाठवला, तुम्ही नेता का. मी म्हटलं, नेऊ या, आपल्या हॉलमध्ये लावू. आई नाही म्हणाली.

“घरात लावला तर तो माझ्या नवऱ्याचा फोटो होईल,” ती म्हणाली. “ते पाच जण होते. ते खिळे मी रिकामे ठेवलेले नाहीत, गावाने ठेवले. गावाकडेच जाऊ दे.”

“गाव आहे कुठे आता?” मी विचारलं.

“मंडळ आहे ना.”

मंडळाचे अध्यक्ष कोण, हे तुम्ही ओळखलं असेल. पूर्वीचे वेल्फेअर ऑफिसर. चाचा असते तर त्यांनी फळा विस्तवात घातला असता पण या गृहस्थांना दिला नसता. वीस वर्षांपूर्वी त्यांनी चाचांची पगारवाढ अडवली होती आणि चाचा असल्या गोष्टी विसरणारे नव्हते. मीही आईशी भांडले. ज्याने खोकी पाठवून आपल्याला घराबाहेर काढलं त्याच्याकडे? आई म्हणाली, “त्याने नियम पाळला. आता आपण एक नियम सांगू, तो पाळेल.” माणसांबद्दल तिचं मत माझ्यापेक्षा नेहमीच चांगलं असायचं आणि त्याची किंमत नेहमी तिनेच चुकवली.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कॉफी दिली, जुन्या आठवणी काढल्या, तिथल्या क्लबातल्या बॅडमिंटनच्या. मंडळ लवकरच मोठं प्रदर्शन भरवणार होतं आणि फळा म्हणजे त्यांना घबाडच वाटलं. आईने कॉफी संपू दिली आणि मग म्हणाली, “साहेब, एकच सांगायचं आहे. ते पाच खिळे आहेत तसे राहू देत. त्यांवर काही लावायचं नाही. आणि महिन्यातून एकदा तेलाचा हात.”

“अहो वहिनी, आपण काळजीच करू नका,” अध्यक्ष म्हणाले. “खिळ्याला बोट लागणार नाही. तो आपल्या सगळ्यांचा वारसा आहे.”

आई जिना उतरताना खूश होती. रिक्षात म्हणाली, “सगळ्यांचा, असं म्हणाले. ऐकलंस ना?”

प्रदर्शन शनिवार पेठेतल्या एका हॉलमध्ये भरलं. वेळेवर उद्घाटन, दारात गुलाबपाणी, आत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शिस्त. आईने ठेवणीतली पांढरी नारायण पेठ काढली होती. भिंतींवर फोटो होते. क्लबाचं उद्घाटन. फुलांचं प्रदर्शन, ज्यात तीनच फुलं असायची आणि बक्षिसंही तीन. बड्या साहेबांची भेट. होळीचं जेवण. अपघाताबद्दल एका तक्त्यावर एक वाक्य होतं, ‘काही दुःखद प्रसंगही आले, पण गावाने हसतमुखाने वाटचाल सुरू ठेवली’. हसतमुख कोण होतं ते नाव काही दिलेलं नव्हतं.

फळा आतल्या बाजूला, मधोमध, दिव्याखाली लावला होता. मी पाहिला आणि मला आधी ओळखूच आला नाही. पॉलिश पेपरने घासून, नवा हिरवा रंग देऊन वर व्हार्निश मारलेलं. खिळे चांदीसारखे चकचकीत, सगळे एकसारखे. आणि प्रत्येक खिळ्याला बिल्ला. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, एकही जागा मोकळी नाही.

आई माझ्या पुढे होती. तिला मी थांबवायला हवं होतं असं नंतर पुष्कळदा वाटलं, पण कशाला थांबवणार, ती पोचलीच होती. गर्दीत तिने मान उंच केली. तिचे डोळे त्या ओळीवर गेले, त्या नंबरवर, आणि तिने श्वास सोडला.

मग हात डोक्यावर नेला आणि पदर सारखा केला.

हे सगळं एका क्षणात झालं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही कळलंही नसेल. पण मी मागून तिचा हात धरला होता. इतक्या वर्षांनी माझ्या आईच्या शरीराने मान्य केलं, की अण्णा वर आले. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि ज्यांनी ते तिच्या चेहऱ्यावर आणलं त्यांना मी कधी माफ करणार नाही. कारण पुढच्या क्षणी ते गेलं. ते जाताना पाहणं म्हणजे दहाव्या वर्षी जे झालं ते पुन्हा एकदा, फक्त या खेपेला सनई लावलेली होती.

मंडळाचे चिटणीस जवळच होते. कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होते ते, बत्तीघराशी कधी संबंध न आलेले, अतिशय सज्जन आणि टापटिपीचे. घाईघाईने पुढे आले. “कसा वाटला? अहो, बरेच बिल्ले हरवले होते. बोहरी आळीजवळ एक कारागीर आहे, त्याच्याकडून हुबेहूब करून घेतले. नवे दिसू नयेत म्हणून दोन दिवस चिंचेत बुडवून ठेवले. एकही खिळा रिकामा ठेवला नाही!”

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं, अभिमानाचं. त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

आईने हात वर केला आणि अण्णांचा बिल्ला काढला. मग दुसऱ्या ओळीतला एक काढला. मग तिसऱ्या ओळीतले दोन. शेवटच्यासाठी तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं. पाचही नंबर तिला पाठ होते. बाजूला ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी सुबक अक्षरांतली पाटी होती. लोक कुजबुजायला लागले. अध्यक्ष लगबगीने आले.

“वहिनी, वहिनी, काय करताय आपण?”

“हे पाच जण वर आलेले नाहीत,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही. शाळेत एखाद्या पालकाला दाखला आज मिळणार नाही म्हणून सांगावं, तसं म्हणाली.

अध्यक्षांनी तिच्या हातातल्या बिल्ल्यांकडे पाहिलं. मग त्यांना आठवलं. ते आठवताना मी त्यांच्याकडे बघत होते. “अरे हो,” ते म्हणाले. “तुम्ही बोलला होतात, नाही का? विसरलोच की हो मी. सांगायचंच राहून गेलं.”

मी घरून निघताना भांडणाची तयारी करून निघाले नव्हते, पण त्या घटकेला माझ्याकडे भांडण तयार होतं. त्यांनी मुद्दाम केलं असतं, कंपनीची लाज झाकायला केलं असतं, तर मी त्या हॉलचं छत खाली आणलं असतं. पण ते विसरले होते. आठवणी जतन करायला निघालेल्या मंडळाचे अध्यक्ष विसरले होते, जसं दुधाची पिशवी आणायला विसरावं. दुष्टपणाशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडायचं ते मला आजही माहीत नाही.

“मग आता हे खिळे असेच राहू द्या,” मी म्हटलं.

“असेच?” अध्यक्षांनी आजूबाजूला बघितलं. “अहो, लोकांनी बघितलंय. पेपरात फोटो जायचाय. आणि मधेच असे चार-पाच खिळे रिकामे... दात पडल्यासारखं दिसतं हो ते. तुमच्या भावनांचा आदर आहेच. आपण कार्यकारिणीपुढे ठेवू.” आईच्या हातातले बिल्ले घेऊन त्यांनी ते पुन्हा खिळ्यांना अडकवले.

चिटणीस बिचारे रंग उडालेल्या तोंडाने उभे होते. “पण मग कुठले खिळे ते कळणार कसं होतं मला?” ते मला म्हणाले. खरंच होतं. पाच खिळे काळे होते आणि बाकीचे गंजलेले, म्हणून कळत होतं. त्यांनी गंज घासून काढला होता आणि त्याबरोबर चाचांची सगळ्या अमावस्यांची मेहनतही. आता सगळे सारखे होते.

कार्यकारिणीपुढे ते ठेवलं गेलं. आम्हाला बोलावलं, चहा दिला, आणि ठराव झाला की मंडळाच्या मालमत्तेत कुणा एका कुटुंबाच्या इच्छेनुसार बदल करणे उचित होणार नाही. मात्र फळ्याखाली श्रद्धांजलीची पाटी लावावी. आईने फक्त एक प्रश्न विचारला. “कुणा एका कुटुंबाच्या?” ती म्हणाली. तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

पाटीसुद्धा लागली नाही. तीही विसरले असतील.

आई त्यानंतर मंडळाबद्दल चकार शब्द बोलली नाही. एकदा मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, “मला वाटलं होतं, ते गावाचं आहे. ते माझंच होतं तर.” एवढं बोलून तिने मेथीची जुडी पुढे ओढली. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. अध्यक्ष भेटायला आले, हार आणला, आणि ‘गावाचा एक दुवा निखळला’ असं म्हणाले. मी त्यांना कॉफी दिली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

फळा आता मंडळाच्या खोलीत असतो आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी हॉलमध्ये आणून लावतात. मी दर वर्षी जाते. कार्यक्रम सुरू होण्याआधी, टेबलांवर चादरी घालणं चालू असतं तेव्हा. पाचही बिल्ले काढते आणि पर्समध्ये टाकते. बोटाला रुमाल गुंडाळून पाच खिळ्यांना शिलाई मशीनचं तेल लावते, आणि जेवायला न थांबता विश्रांतवाडीची बस पकडते. पुढच्या वर्षी पाच नवे बिल्ले लावलेले असतात. चिटणीस स्वतः करून आणतात, चिंचेत बुडवून. मला बघितलं की ते दुसरीकडे बघतात. कुणी मला अडवत नाही, कुणी माझं ऐकतही नाही. फळ्याला काच बसवायचा ठराव एकदा आला होता, स्नेहभोजनाचा खर्च वाढला म्हणून बारगळला. घरी आईच्या पिठाच्या जुन्या डब्यात ते बिल्ले मी ठेवते. डबा आता उचलायला जड जातो.

अण्णांचा बिल्ला मी शेवटी काढते. आधी काढायला हवा, म्हणजे लवकर सुटेन, पण जमत नाही. कारण हॉलमध्ये शिरल्यावर तो नंबर दिसतो, खिळ्यावर बिल्ला दिसतो, आणि सगळं ठाऊक असूनही माझा श्वास सुटतो. आईचा सुटला होता, तसाच. चार बिल्ले काढून होईपर्यंत अण्णा वर आलेले असतात. दिवा परत देऊन, बुटांची वाळू झटकून घरी यायला निघालेले असतात, दारात येऊन पाणी मागणार असतात.

मग हात वर करून मीच त्यांना परत खाली पाठवते. आईला हे एकदाच करावं लागलं. मला दर वर्षी करावं लागतं.